दंतरोपण : पहिल्या तपासणीपासून पक्क्या दातापर्यंत

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभा करणे, म्हणजे दंतरोपण किंवा नेहमीच्या बोलण्यातले ‘इम्प्लांट’. काही वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यापुरती वाटणारी ही शस्त्रक्रिया आता बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या सीमाभागातील दवाखान्यांतही केली जाते. उपचारांसाठी चोर्ला घाट ओलांडून बेळगाव गाठणे गोव्यातील अनेक कुटुंबांना नवे नाही. दातांच्या मोठ्या उपचारांसाठीही बेळगावचा विचार होतो.

दवाखान्यात आलेला रुग्ण बहुधा तीन प्रश्न विचारतो : दुखेल का, किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल. चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि खरे तर तोच पहिला असायला हवा : माझ्या तोंडात हे टिकेल का? त्याचे उत्तर डॉक्टरांच्या हातात जेवढे असते, तेवढेच रुग्णाच्या हिरड्यांत, हाडात, रक्तातील साखरेत आणि तंबाखूच्या सवयीत दडलेले असते. स्क्रू तासाभरात बसतो. तो टिकणार की नाही, हे मात्र त्याआधीच्या काही आठवड्यांवर आणि नंतरच्या अनेक वर्षांवर ठरते. उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर काय अपेक्षित धरावे, याची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

इम्प्लांटचे तीन भाग असतात. पहिला, हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू. त्याची लांबी सर्वसाधारणपणे ८ ते १४ मिलिमीटर आणि जाडी ३ ते ५ मिलिमीटर असते. हा भाग दाताच्या मुळाचे काम करतो. दुसरा, स्क्रूवर घट्ट केला जाणारा जोडखुंट. तिसरा, त्यावर बसणारा आणि बाहेरून दिसणारा दात, म्हणजेच कॅप. ती सिरॅमिकची, झिर्कोनियाची किंवा आत धातू असलेली असते.

या तंत्राचा पाया स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी घातला. १९५२ साली सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना त्यांनी टायटॅनियमची उपकरणे वापरली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तेव्हा हाड त्या धातूला इतके चिकटले होते की उपकरणे सुटेनात. हाड आणि टायटॅनियम यांच्या या एकजीव होण्याचा उपयोग दातांसाठी करता येईल, हे त्यांनी ओळखले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. त्या रुग्णाचे निधन २००६ साली झाले. चाळीस वर्षांनंतरही ती इम्प्लांट काम देत होती. १९८२ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर या तंत्राला जगभर मान्यता मिळाली.

हाड धातूला धरते, या एका गोष्टीवर संपूर्ण उपचार उभा आहे. पुढील प्रत्येक सूचना, मग ती तंबाखूची असो, साखरेची असो वा धीर धरण्याची, याच कारणासाठी दिली जाते.

सर्वांनाच इम्प्लांटची गरज असते का?

नाही. गेलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, याचे तीन मुख्य पर्याय आहेत.

काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त पडते आणि तिला शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र हाड झिजत जाते तशी ती सैल होते. खालच्या जबड्यातील कवळी तर जेवताना हलणे हे ज्येष्ठांचे नेहमीचे दुखणे आहे.

ब्रिजमध्ये दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवला जातो. हे काम एक-दोन आठवड्यांत होते. पण त्यासाठी शेजारचे निरोगी दात कोरावे लागतात. ते दात आधीच किडलेले असतील किंवा त्यांवर कॅप बसवायचीच असेल, तर ब्रिज हा रास्त पर्याय ठरतो.

इम्प्लांट शेजारच्या दातांना हात लावत नाही. ते चावण्याची ताकद बऱ्याच अंशी परत देते आणि त्या जागेचे हाड टिकायला मदत करते. त्यासाठी वेळ आणि पैसा मात्र अधिक लागतो.

खालचे सर्व दात गेलेल्या ज्येष्ठांसाठी आणखी एक मार्ग आहे. पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवली जाते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने अशा रुग्णांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले होते. संपूर्ण जबड्यात सहा-आठ इम्प्लांट बसवण्यापेक्षा हा उपचार बराच कमी खर्चाचा असतो. म्हणून मोठ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी या पर्यायाची विचारणा अवश्य करावी.

कोठे जावे, कोणाकडे जावे?

बेळगावात दंतशास्त्राची दोन महाविद्यालये आहेत. केएलई विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान संस्था १९८५ पासून कार्यरत आहे. मराठा मंडळाची नाथाजीराव ग. हलगेकर दंतविज्ञान संस्था हे दुसरे महाविद्यालय. निपाणीकरांना कोल्हापूर जिल्ह्यातील नवे पारगाव येथील तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आणि सांगलीतील दंत महाविद्यालयेही आवाक्यात आहेत. गोव्यातील रुग्णांसाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय हा घराजवळचा पर्याय आहे आणि घाट ओलांडण्यापूर्वी तेथे सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च खासगी दवाखान्याच्या तुलनेत बहुधा कमी असतो आणि एकाच छताखाली वेगवेगळ्या विभागांचे तज्ज्ञ भेटतात. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यामुळे भेटी अधिक आणि लांबलेल्या असू शकतात. खासगी दवाखान्यात वेळ सोयीची मिळते. परंतु तेथे अनुभवाची चौकशी रुग्णालाच करावी लागते.

भारतात पदव्युत्तर दंतशिक्षणाच्या नऊ मान्य शाखा आहेत आणि ‘इम्प्लांट’ ही त्यांतील स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दंतशास्त्र, हिरड्यांचे विकार आणि मुख व जबडा शस्त्रक्रिया या तीन शाखांच्या तज्ज्ञांचा या कामाशी सर्वाधिक संबंध येतो. प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही इम्प्लांट बसवतात. म्हणून फलकावरील ‘इम्प्लांटतज्ज्ञ’ या शब्दावर न थांबता तीन गोष्टी सरळ विचाराव्यात : आपली पदवी कोणत्या विषयातली, आपण स्वतः किती वर्षे हे काम करत आहात आणि पुढे काही बिघडले तर पाहणार कोण? दंतवैद्याची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. काही दवाखान्यांत बाहेरगावचे तज्ज्ञ ठरावीक दिवशी येऊन शस्त्रक्रिया करतात. ही पद्धत गैर नाही. पण ते निघून गेल्यावर रात्री रक्तस्राव झाला तर फोन कोणाला करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

पहिली भेट : तपासणी आणि प्रामाणिक उत्तरे

पहिल्या भेटीत इम्प्लांट बसवले जात नाही. तोंडाची तपासणी, हिरड्यांची खोली मोजणे, उरलेल्या दातांची स्थिती पाहणे आणि क्ष-किरण चित्र घेणे, एवढेच या भेटीत होते. बहुतेक वेळा सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन सांगितला जातो. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. ती या स्कॅनमध्ये दिसते. खालच्या जबड्यातून जाणारी आणि ओठाला संवेदना देणारी मज्जातंतू नेमकी कोठे आहे, हेही त्यातच कळते. इम्प्लांटचे टोक आणि ही मज्जातंतू यांत किमान २ मिलिमीटरचे अंतर राखण्याचा संकेत आहे. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेची पोकळी, म्हणजे सायनस असते. तेथे हाड पातळ असेल तर आधी हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

दात काढून बरीच वर्षे झाली असतील तर हाड कमी निघण्याची शक्यता अधिक. दात काढल्यानंतरच्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते आणि यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच झिजतो. म्हणून दात काढायचा ठरला, की तेथे पुढे काय बसवायचे याची चर्चा त्याच भेटीत करावी. काही रुग्णांत दात काढताक्षणीच इम्प्लांट बसवता येते, काहींत दोन-तीन महिने थांबावे लागते. जागा पसरलेल्या जंतुसंसर्गाने भरलेली असेल तर थांबणे हिताचे असते.

याच भेटीत डॉक्टरांना पुढील बाबी न लपवता सांगाव्यात : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेली औषधे किंवा इंजेक्शने, डोके-मान भागाला दिलेले किरणोपचार, गर्भधारणा आणि तंबाखूचे कोणत्याही स्वरूपातील सेवन. हाडांच्या ठिसूळपणावर आणि कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे जबड्याची जखम न भरता हाड उघडे पडण्याचा धोका असतो. हे औषध वर्षातून एकदाच शिरेतून दिले गेले असेल, तर रुग्णाला ते आठवतही नाही. त्यामुळे जुनी कागदपत्रे सोबत नेलेली बरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून घ्यायचा असतो.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट अशक्य, असे नाही. साखर आटोक्यात असेल तर परिणाम चांगले मिळतात. त्यासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी करतात. ती साधारण ७ ते ८ टक्क्यांच्या वर असेल, तर बहुतेक डॉक्टर आधी साखर नियंत्रणात आणायला सांगतात. वयाची वरची मर्यादा नाही. खालची मात्र आहे : जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठरा वर्षांपर्यंत आणि काहींत त्यानंतरही, थांबावे लागते.

निपाणीच्या मातीतला प्रश्न : तंबाखू

निपाणी हे तंबाखूचे गाव म्हणून ओळखले जाते. येथील बाजारपेठ, वखारी आणि विडी उद्योग यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून झालेल्या शेतकरी आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर पोहोचले. जे पीक घराला भाकरी देते, त्याची मशेरी सकाळी हिरड्यांना लागते आणि विडी दुपारी ओठांवर येते, हे या भागाचे वास्तव आहे. दंतरोपणाच्या संदर्भात त्याची किंमत मोजावी लागते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण महाराष्ट्रात २६.६ टक्के, कर्नाटकात २२.८ टक्के आणि गोव्यात ९.७ टक्के होते. म्हणजे कर्नाटकात चार-पाच प्रौढांमागे एक जण.

धूम्रपानामुळे हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्तपुरवठा कमी मिळतो आणि हाड धातूला धरण्याची क्रिया मंदावते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले आहे. मशेरी आणि तोंडात धरलेली तंबाखू हिरडीला थेट इजा करतात. ती जेथे धरली जाते तेथील हिरडी खाली सरकते. गुटखा आणि सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. तोंड पुरेसे उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत शस्त्रक्रियेची हत्यारे पोहोचतच नाहीत, आणि मग इम्प्लांटचा विचार मागे पडतो. अशा रुग्णाच्या तोंडातील पांढरे वा लाल चट्टे आणि न भरणारे व्रण यांची तपासणी आधी होते; कारण तेथे प्रश्न दाताचा नसून कर्करोगाचाही असू शकतो.

मशेरीबाबत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ घरांतील स्त्रिया तिला व्यसन मानत नाहीत. ती दात घासण्याची सवय समजली जाते. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर देणारीच्या दृष्टीने खोटेही नसते. आई किंवा आजीला दवाखान्यात नेणाऱ्या मुला-नातवांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

बहुतेक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या किमान एक-दोन आठवडे आधी आणि नंतर किमान दोन महिने तंबाखू पूर्ण बंद ठेवण्यास सांगतात. कायमची सुटली तर उत्तमच. त्यासाठी केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तंबाखू सोडणे जमणारच नसेल, तर इम्प्लांटवर खर्च करण्यापूर्वी कवळी किंवा ब्रिजचा विचार करावा, असे सांगणारा डॉक्टर रुग्ण गमावत असतो. पण सल्ला खरा देत असतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

त्या दिवशी उपाशी जाण्याची गरज बहुधा नसते. हलके खाऊन, नेहमीची औषधे घेऊन जावे. रक्तदाब आणि साखर तपासली जाते. दात काढताना देतात तशीच जागेवर भूल दिली जाते आणि एका इम्प्लांटला साधारण पाऊण तास ते एक तास लागतो.

हिरडी उघडून हाडाला टप्प्याटप्प्याने वाढत्या जाडीचे छिद्र पाडले जाते आणि त्या वेळी सतत निर्जंतुक सलाईनचे पाणी सोडले जाते. त्यामागे कारण आहे : हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर पेशी मरतात आणि मेलेले हाड धातूला धरत नाही. रुग्णाला कंप, दाब आणि यंत्राचा आवाज जाणवतो. वेदना जाणवू नयेत. जाणवल्या तर हात वर करून थांबवावे, आणखी भूल देता येते. अनेकांचा अनुभव असा, की अवघड दाढ काढण्याच्या तुलनेत हे सोपे गेले.

स्क्रू बसल्यावर हिरडी त्यावर शिवून बंद केली जाते किंवा हिरडीतून वर दिसणारे छोटे टोपण लावले जाते. पहिल्या पद्धतीत काही महिन्यांनी हिरडी पुन्हा थोडी उघडावी लागते.

पहिला आठवडा

कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा ते एक तास दाबून धरावा. लाळेत रक्ताची झाक दिवसभर राहू शकते. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये. रक्ताची गुठळी निसटते. गालावर बाहेरून अधूनमधून बर्फ लावावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते. गालावर निळसर डाग पडल्यास घाबरू नये.

खाण्यात पेज, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, दही, उकडलेला बटाटा असे मऊ आणि कोमट पदार्थ असावेत. गरम चहा पहिल्या दिवशी टाळावा. तिखट रस्सा, चिवडा, कडक भाकरी आणि माशाचे काटे यांना आठवडाभर सुट्टी द्यावी. भाकरीशिवाय राहवतच नसेल तर ती दुधात भिजवून दुसऱ्या बाजूने खावी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या औषधी द्रवाने हलकी चूळ भरावी. बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासावेत. औषधे सांगितली तेवढे दिवसच घ्यावीत. टाके सात ते दहा दिवसांनी काढले जातात.

दवाखान्याला तातडीने कळवण्याची लक्षणे अशी : दाबून धरूनही न थांबणारे रक्त, तिसऱ्या दिवसानंतर कमी न होता वाढणारी सूज वा वेदना, ताप, पू, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, आणि भूल उतरून गेल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहणे. शेवटचे लक्षण मज्जातंतूवर दाब आल्याचे असू शकते. तेथे ‘चार दिवस वाट पाहू’ असे करू नये.

वाट पाहण्याचे महिने

यानंतर बाहेरून काहीच घडत नाही. आत मात्र हाड धातूभोवती भरून येत असते. खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने, वरच्या जबड्यात तीन ते सहा महिने धरावेत. वरचे हाड सच्छिद्र असल्याने तेथे अधिक वेळ लागतो. हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आणखी चार ते सहा महिने लागू शकतात. समोरचा दात असेल तर या काळात दिसण्यापुरता तात्पुरता दात दिला जातो. त्याने चावायचे नसते.

‘एका दिवसात’ किंवा ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती या काळात मनाला भुरळ घालतात. हाड भरपूर आणि कठीण असेल, स्क्रू पुरेशा घट्टपणे बसला असेल, तर निवडक रुग्णांत लगेच दात बसवता येतात, हे खरे आहे. तो निर्णय स्कॅन पाहून आणि शस्त्रक्रियेच्या वेळची पकड मोजून घ्यायचा असतो. तपासणीआधीच फोनवर दिलेले असे आश्वासन म्हणजे सल्ला नव्हे.

पक्का दात

हाडाने धातूला धरले आहे याची खात्री झाल्यावर जोडखुंट लावून माप घेतले जाते. प्रयोगशाळेत कॅप तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. ती बसवताना उंची, शेजारच्या दातांशी स्पर्श आणि रंग तपासावा. रंग दिवसाच्या उजेडात पाहिलेला चांगला.

नव्या दाताची चावण्याची जाणीव थोडी वेगळी असते. नैसर्गिक दाताभोवती दाब ओळखणारे तंतूंचे आवरण असते, इम्प्लांटभोवती ते नसते. त्यामुळे खडा किंवा हाड चावले गेले तर दाब उशिरा कळतो. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांना म्हणून रात्री घालायचे संरक्षक आवरण सांगितले जाते.

खर्च, कागद आणि भाषा

खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा दातासह खर्च साधारण पंचवीस हजार रुपयांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत जातो. बनावट, कॅपचा प्रकार आणि शहर यांनुसार तो बदलतो. सांगितलेल्या रकमेत नेमके काय धरले आहे, हे लेखी घ्यावे. स्कॅन, हाड वाढवणे, जोडखुंट, तात्पुरता दात आणि पक्की कॅप यांचे पैसे वेगळे लागणार का? स्वस्त वाटणारा आकडा अनेकदा केवळ स्क्रूचा असतो. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अपघाताखेरीज दातांच्या उपचारांचा खर्च देत नाहीत, त्यामुळे आपली पॉलिसी आधी वाचावी. ‘आजीवन हमी’ ही बहुधा धातूच्या भागाची असते. हाडाची आणि हिरडीची हमी कोणी देऊ शकत नाही.

इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. तिची प्रत मागून घ्यावी आणि स्कॅनसह जपून ठेवावी. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी स्क्रू सैल झाला, तर तेथील डॉक्टरांना योग्य हत्यार आणि सुटे भाग मिळवायला हीच पट्टी उपयोगी पडते. निपाणीहून पुण्याला वा गोव्यातून परदेशी जाणाऱ्या मुलांच्या घरांत तर ही खबरदारी आवश्यकच आहे.

सीमाभागात भाषेचा प्रश्न दवाखान्याच्या टेबलावरही येतो. संमतिपत्र इंग्रजीत किंवा कन्नडात असते आणि सही करणारी आजी मराठी वाचणारी असते. २००८ साली एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही ही अट पूर्ण करत नाही. कागद मराठीत समजावून सांगा, असे म्हणण्यात कोणताही वाद नाही. बेळगावच्या दवाखान्यांत मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटतेच. समजून घेतल्यावरच सही करावी.

प्रवासाचा हिशेब

बाहेरगावच्या रुग्णाने एका साध्या इम्प्लांटसाठी सहा ते आठ फेऱ्या धराव्यात : तपासणी व स्कॅन, दात आणि हिरड्यांची स्वच्छता, शस्त्रक्रिया, टाके काढणे, मधली तपासणी, माप, दात बसवणे आणि महिनाभरानंतरची पाहणी. शस्त्रक्रियेच्या दिवशी रात्री लगेच घाट उतरण्याऐवजी बेळगावातच मुक्काम करणे श्रेयस्कर. चोर्ला घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. त्यामुळे शस्त्रक्रिया आणि टाके काढण्याच्या तारखा जून ते सप्टेंबर टाळून ठरवल्यास बरे. इतक्या फेऱ्या शक्य नसतील तर घराजवळचा डॉक्टर निवडणे अधिक योग्य. हा उपचार पुढची अनेक वर्षे देखरेख मागतो.

त्यानंतरची वर्षे

इम्प्लांट किडत नाही, म्हणून त्याला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. भोवती मळ साचला तर हिरडी सुजते, रक्त येते आणि हळूहळू हाड झिजते. हा आजार सुरुवातीला दुखत नाही. घासताना येणारे रक्त, दुर्गंधी, पू आणि दात हलल्याची जाणीव ही त्याची लक्षणे. कधी फक्त कॅपचा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो. पण हाडातील स्क्रूच हलू लागला तर तो काढावा लागतो. जागा भरून आल्यावर काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करता येतो, मात्र हाड आधीपेक्षा कमी उरलेले असते.

दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासणे, दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश किंवा दोरा वापरणे, दर सहा महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने क्ष-किरण चित्र, एवढा नेम पाळला तर दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊहून अधिक इम्प्लांट टिकतात, असा जगभरचा अनुभव आहे. पुढे कधी एमआरआय करावा लागला तर दातात टायटॅनियम असल्याचे सांगावे. हा धातू चुंबकाला खेचला जात नाही, त्यामुळे तपासणीला सहसा अडथळा येत नाही.

ज्या हिरडीचे दुखणे दुर्लक्षित राहून मूळचा दात गेला, तीच हिरडी आणि त्याच सवयी नव्या दाताच्याही वाट्याला येणार आहेत. म्हणून इम्प्लांटची तारीख ठरवण्यापूर्वी मशेरीची डबी आणि विडीचे बंडल यांचे काय करायचे, ते घरात ठरावे. हाडात बसलेला स्क्रू पुढची वीस वर्षे टिकावा, यासाठी रुग्णाला घेता येणारा सर्वांत स्वस्त निर्णय तोच आहे.